तीन सभासद आणि एक कलम: चॅपेल हिलच्या ख्रिस्ती फ्रॅटर्निटीचं प्रकरण

अल्फा आयोटा ओमेगा ही फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलांची बंधुसंघटना, १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या आवारात सुरू झाली. २००४ मध्ये तिने विद्यापीठाला कोर्टात खेचलं, तेव्हा तिचे सभासद होते अवघे तीन. समोर १७९५ पासून वर्ग भरवणारं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. भांडण कशावरून? दरवर्षी भरायच्या एका अर्जातल्या एका कलमावरून. फ्रॅटर्निटीने त्या कलमाला होकार द्यायला नकार दिला, विद्यापीठाने तिची मान्यता काढून घेतली आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्यात गेली.

अशा खटल्यांबद्दल लिहिताना अमेरिकेतले दोन्ही पक्ष लगेच तलवारी उपसतात. एकाला ख्रिस्ती लोकांची गळचेपी दिसते, दुसऱ्याला भेदभावाला दिलेलं धर्माचं पांघरूण. मला हे प्रकरण वेगळ्याच कारणासाठी अभ्यासण्याजोगं वाटतं. ही फ्रॅटर्निटी नेहमीच्या अर्थाने मौजमजेची नव्हती. ख्रिस्ती पुढारी घडवायचे आणि बाकीच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींतल्या मुलामुलींपर्यंत सुवार्ता न्यायची, हे तिचं काम. म्हणजे ज्यांच्यासाठी ती काढली ते सगळे दाराबाहेरचे, आणि दारातून आत कोणाला घ्यायचं यावर वाद. शेवटी जो तोडगा निघाला, तो या मुलांच्या धर्मश्रद्धेला कोर्टातल्या युक्तिवादांपेक्षा जास्त जुळणारा निघाला, असं माझं मत आहे. ते मत कशावरून बनलं ते पुढे येईलच.

घर, वर्गणी आणि तळघर

आधी ही दुनिया काय आहे ते बघू. फ्रॅटर्निटी मुलांची, सोरोरिटी मुलींची. नावं ग्रीक अक्षरांची म्हणून सगळ्या प्रकाराला 'ग्रीक लाइफ' म्हणतात आणि सभासदांना सरळ 'ग्रीक्स'. ग्रीस देशाशी काही देणंघेणं नाही. १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली फाय बीटा कॅपा ही या सगळ्यांची पूर्वज. पुण्यातल्या एखाद्या जुन्या गणेश मंडळाला राहायला वाडा दिला, वाड्यात खाणावळ घातली आणि नव्या कार्यकर्त्याला बंद दाराआड शपथ द्यायची प्रथा पाडली, तर बरीचशी कल्पना येईल. वर्गणी, कार्यकारिणी, जुन्या लोकांचं वजन, समोरच्या मंडळाशी चुरस, सगळं तेच. सत्राच्या सुरुवातीला 'रश' असतो. नवी मुलं घराघरांतून फिरतात, घरं त्यांना जोखतात, मग 'बिड' म्हणजे बोलावणं येतं, मग 'प्लेज'ची उमेदवारी आणि शेवटी दीक्षा. आठवड्याला एक चॅप्टर मीटिंग, म्हणजे त्या आवारातल्या शाखेची सभा. आणि पार्ट्या, त्या शनिवारची वाट बघत बसत नाहीत.

चॅपेल हिलमध्ये या घरांबद्दल एक जखम ताजी होती. १२ मे १९९६, पदवीदानाचा रविवार आणि मातृदिनही. त्या पहाटे फाय गॅमा डेल्टाच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी दगावले. पुढे गावाने सगळ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी घरांत आग विझवणारे फवारे बसवणं सक्तीचं केलं. तीनच वर्षांनी याच आवारात काही मुलांना ग्रीक लोकांमध्ये सुवार्ताकार्य करायचं सुचतं, याचा त्या आगीशी थेट संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही आणि मी तो जोडणार नाही. पण त्या गल्लीतल्या घरांकडे आईबाप, विद्यापीठ आणि चर्च कोणत्या नजरेने बघत असतील, याचा अंदाज त्यावरून येतो.

गंमत अशी की यातल्या कितीतरी संघटनांचा पायाच ख्रिस्ती आहे. अल्फा टाऊ ओमेगा १८६५ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेतल्या तरुणांनी काढली ती उत्तर-दक्षिणेचं वैर ख्रिस्ती बंधुभावाने मिटावं म्हणून. आजही अनेक चॅप्टरांत 'चॅप्लिन' नावाचा पदाधिकारी निवडला जातो, तो सभेच्या सुरुवातीला प्रार्थना म्हणतो. तेव्हा वर दिवाणखान्यात बायबल आणि खाली तळघरात बिअरचं पिंप, हे दृश्य तिथे कोणाला विसंगत वाटत नाही. अशा लोकांमध्ये सुवार्ता सांगायची म्हणजे ख्रिस्ताचं नाव कधी न ऐकलेल्यांना सांगण्यापेक्षा अवघड. त्यांनी ते नाव दर आठवड्याला ऐकलेलं असतं आणि त्याची सवय झालेली असते.

काम करायच्या दोन तऱ्हा, आणि तिसरी

पहिली तऱ्हा घरात शिरून काम करायची. कॅम्पस क्रूसेड, म्हणजे आजचं क्रू, १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये सुरू झालं आणि त्याच्या अगदी पहिल्या सभांपैकी एक सोरोरिटीच्या घरातच झाली होती. इंटरव्हर्सिटी ही दुसरी मोठी संस्था. अमेरिकेत ती १९४१ पासून आहे आणि ग्रीक विद्यार्थ्यांसाठी तिचे वेगळे कार्यकर्ते असतात.

इंटरव्हर्सिटीची एक पद्धत मला फार आवडते. बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान साध्या कागदांवर छापून हातात देतात. अध्यायांचे आकडे नाहीत, वचनांचे आकडे नाहीत, मथळे नाहीत, बाजूला रुंद समास. हातात रंगीत पेनं. जो शब्द पुन्हा येतो त्याला एक रंग, जिथे कोणी चिडतं तिथे दुसरा, जिथे काही कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह. रविवारच्या शाळेत वाढलेला मुलगा आणि बायबल पहिल्यांदा हातात घेतलेला मुलगा दोघेही एकाच पातळीवर येतात, कारण पाठ केलेली वचनं शोधायला आकडेच नसतात. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून छप्पर उसवून त्याला खाली सोडतात, हा प्रसंग दुसऱ्या अध्यायात येतो. फ्रॅटर्निटीच्या पोरांना तो समजावून सांगावा लागत नाही. आदल्या शुक्रवारी त्यांच्यापैकी कोणीतरी शुद्ध हरपलेल्या मित्राला दोघातिघांच्या मदतीने जिना चढवून खोलीपर्यंत पोचवलेलं असतं.

या तऱ्हेत अडचण वेगळी आहे. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा गटाने केलेला अभ्यास, घेणारा त्याच घरात राहतो. बुधवारी त्याने काय सांगितलं ते लोक विसरतील, शनिवारी रात्री तो कसा वागला ते विसरणार नाहीत. साक्ष चोवीस तास चालू. शिवाय रश आला की सगळे गुंतलेले, परीक्षा आल्या की गट पांगलेला, आणि पुढारी पदवी घेऊन गेला की पुन्हा पहिल्यापासून. पण एक फायदा मोठा आहे: दारावर कोणाला उभं करावं लागत नाही. घराने ज्यांना आत घेतलं तेच समोर बसतात, विश्वास ठेवणारे, न ठेवणारे आणि पिझ्झासाठी आलेले.

दुसरी तऱ्हा वेगळं घर मांडायची. अल्फा डेल्टा काय ('काय' हेही ग्रीक अक्षरच) ही ख्रिस्ती सोरोरिटी १९२५ ची, अल्फा गॅमा ओमेगा ही ख्रिस्ती फ्रॅटर्निटी १९२७ ची, दोन्ही यूसीएलएच्या. बीटा उप्सिलॉन काय १९८५ मध्ये ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात निघाली. इथे रश आहे, अक्षरं आहेत, बंधुभाव आहे. सभासद मात्र विश्वासीच. विद्यार्थ्याला भावांचा सहवास हवा आहे पण तळघर नको आहे, त्याच्यासाठी ही सोय.

अल्फा आयोटा ओमेगा या दोहोंच्या मधली. रूप दुसऱ्या तऱ्हेचं, लक्ष्य पहिल्या तऱ्हेचं. अक्षरं लावली की ग्रीक लोक ऐकून तरी घेतात, हा त्यामागचा हिशोब असावा, आणि तो हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. बाहेरच्या 'धार्मिक क्लब'चा माणूस आला तर त्याला पत्रक घेऊन वाटेला लावतात. स्वतः अक्षरं लावणारा, रश म्हणजे काय ते जाणणारा माणूस आला तर निदान बसायला सांगतात.

कलम

चॅपेल हिलमध्ये विद्यार्थी संघटनांना दरवर्षी मान्यतेसाठी अर्ज करावा लागे. मान्यता असली की विद्यापीठाच्या खोल्या मिळतात, विद्यार्थ्यांच्या फीतून गोळा झालेल्या निधीवर हक्क सांगता येतो, अधिकृत यादीत नाव लागतं. विद्यार्थी भवनासमोर विटांची एक खोलगट चौरस जागा आहे, तिला सगळे 'द पिट' म्हणतात. टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठायचं तर तिथेच. तीन माणसांच्या संघटनेला यातलं काहीही गमावणं परवडणारं नव्हतं.

अर्जात अट होती: सभासदत्व आणि सहभाग सर्वांना खुला असेल, वय, वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल वगैरे कशावरूनही कोणाला वगळलं जाणार नाही. २००३-०४ च्या वर्षात अल्फा आयोटा ओमेगाने या कलमाला मान्यता द्यायचं नाकारलं. ख्रिस्ती सुवार्ता सांगणाऱ्या संघटनेने ख्रिस्ती नसलेल्याला सभासद करून घ्यायचं, उद्या त्यालाच अध्यक्षही निवडायचं, हे कसं जमावं, असा त्यांचा सवाल. विद्यापीठाने मान्यता काढून घेतली.

विद्यापीठाची बाजू सरसकट उडवून लावण्यासारखी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. निधी सगळ्या विद्यार्थ्यांच्या खिशातला. ज्या मुलाला तुम्ही दारातून परत पाठवता त्याच्याही फीचा वाटा तुम्ही उचलता. कलम सगळ्यांना सारखंच, ख्रिस्त्यांसाठी वेगळं लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सरकारी विद्यापीठाला 'आम्ही आमच्यातलेच घेऊ' या वाक्याचा इतिहास विसरता येत नाही. वर्णभेदाच्या काळात हेच वाक्य किती सभ्य आवाजात बोललं गेलं ते त्यांना ठाऊक आहे.

पण विद्यापीठाचं वागणं सरळ रेषेतलंही नव्हतं. २००२ च्या डिसेंबरात याच आवारातल्या इंटरव्हर्सिटीच्या गटाला तंबी मिळाली होती, कारण त्यांच्या घटनेत पुढाऱ्यांनी ख्रिस्ती सिद्धांत मान्य करावेत अशी अट होती. बोभाटा झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीला कुलगुरू जेम्स मोझर यांनी माघार घेतली. त्याच वर्षी नव्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात वाचायला कुराणातल्या सूरांवरचं एक पुस्तक नेमलं म्हणून विद्यापीठावर खटला झाला होता; तेव्हा विद्यापीठ विचारस्वातंत्र्याच्या बाजूने ठाम उभं राहिलं आणि कोर्टाने कार्यक्रम थांबवायला नकार दिला. मग दीड-दोन वर्षांत पुन्हा तेच कलम तीन मुलांच्या संघटनेपुढे ठेवण्यात कोणतं शहाणपण होतं?

आणि एक मोठी फट. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलगेच. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा संघराज्याचा कायदा, टायटल नाइन, १९७२ चा. १९७४ च्या दुरुस्तीने सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना त्यातून सूट दिली. म्हणजे आवारातल्या कोणत्याही फ्रॅटर्निटीने निम्म्या विद्यार्थ्यांना केवळ मुलगी म्हणून दार बंद केलं तर चालत होतं. रशमध्ये कोणाचे बूट आवडले नाहीत म्हणून बिड दिलं नाही तरी कोणी हूं की चूं करत नव्हतं. 'तू ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का' हे विचारलं की मात्र कलम आडवं येत होतं.

कोर्टात

फिलाडेल्फियाच्या फायर या नागरी स्वातंत्र्यवादी संस्थेने २००४ च्या उन्हाळ्यात कुलगुरूंना पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये अलायन्स डिफेन्स फंड या ख्रिस्ती वकिलांच्या संस्थेच्या मदतीने खटला दाखल झाला. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती फ्रँक बुलक यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत फ्रॅटर्निटीला मान्यताप्राप्त संघटनेचे फायदे परत द्या.

पुढे विद्यापीठाने धोरणच बदललं, आणि मे २००६ मध्ये वादाचा विषयच उरला नाही म्हणून कोर्टाने खटला निकाली काढला. कायद्याच्या दृष्टीने म्हणजे कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. वकिलांना असला शेवट आवडत नाही. मला मात्र निकालपत्रापेक्षा नवं कलम महत्त्वाचं वाटतं.

नवं कलम नीट वाचलं तर

त्याचा आशय असा. ज्या संघटना एखाद्या श्रद्धेशी किंवा मतांशी असलेल्या बांधिलकीवर सभासद निवडतात, त्यांनी प्रत्येकाला वैयक्तिकरीत्या विचारावं: आमची उद्दिष्टं तुला मान्य आहेत का, आमच्या श्रद्धा तुला पटतात का? जो हो म्हणेल त्यालाच घेण्याची त्यांना मुभा. पण वय, वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून कोणाला वगळता येणार नाही. आणि, लक्ष द्या, धार्मिक दर्जा किंवा आजवरचा धार्मिक संबंध यांवरूनही नाही.

या शेवटच्या अटीत सगळं प्रकरण आहे. समजा साताऱ्याचा एक मुलगा चॅपेल हिलला शिकायला गेला. घरी खंडोबा कुलदैवत, अर्जात धर्म हिंदू. तो कोणाच्या तरी ओळखीने शास्त्रपाठाला जाऊ लागला, वर्षभराने म्हणाला की मला हे पटलं आहे, मी ख्रिस्ताला प्रभू मानतो. बाप्तिस्मा झालेला नाही, घरी सांगितलेलं नाही. नव्या कलमाप्रमाणे 'तू हिंदू आहेस' म्हणून त्याला नाकारता येत नाही. त्याला विचारावं लागतं आणि त्याचं उत्तर धरून चालावं लागतं. उलट बाजूने बघा. तीन पिढ्यांच्या मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, घरातला, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, नाताळला चर्चमध्ये जाणारा मुलगा आला आणि विचारल्यावर म्हणाला की ख्रिस्ताचं पुनरुत्थान वगैरे मला खरं वाटत नाही, तर त्याच्या आजोबांच्या पुण्याईवर त्याला जागा मिळत नाही.

पण इव्हँजेलिकल ख्रिस्ती माणूस दर रविवारी हेच तर सांगत असतो! कुटुंबाच्या नावावर तारण, म्हणजे पापातून मुक्ती, होत नाही, प्रत्येकाने स्वतः होकार द्यावा लागतो. 'ख्रिस्ती नसलेल्यांना घेणार नाही' असं लिहिताना फ्रॅटर्निटी नकळत धर्माकडे जन्माच्या खात्यातली गोष्ट म्हणून बघत होती. आणि विद्यापीठाच्या जुन्या कलमातला 'धर्म'ही वंश आणि वर्णाच्या शेजारीच बसलेला होता. नव्या कलमाने दोघांनाही त्यातून बाहेर काढलं. विद्यापीठाच्या कायदा विभागाने धर्मशास्त्र शिकवायचा विचार केला असेल असं नाही, पण शिकवलं खरं.

आपल्याकडच्या वाचकाला हे थोडं अडखळायला लावेल, कारण आपण धर्म दाखल्यावर लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे त्याने मनाने काय स्वीकारलं यावर सरकारी रकाना बदलतो आणि सवलत जाते. तिथे श्रद्धा आणि दर्जा एकमेकांत असे गुंतलेले आहेत की चॅपेल हिलचं कलम भारतात उचलून लावायला गेलं तर पहिल्याच अर्जाला अडेल.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती मंडळीत मात्र चॅपेल हिलच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला: ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य एकाच बंधुसमाजात. दारावर दाखला बघायचा नाही, माणूस कोणाचा शिष्य आहे ते बघायचं. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग फार वाढू शकला नाही.

टिळकांनी सोडलेल्या त्या मिशनची मुळं कुठे जातात बघा. १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसले आणि परदेशी सुवार्तेसाठी प्रार्थना केली. दोन वर्षांनी तिथे 'ब्रेदरन' नावाची विद्यार्थ्यांची गुप्त बंधुसभा निघाली. तिची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली. सभासद तोच, ज्याची स्वतः मिशनरी म्हणून जायची तयारी आहे. या हालचालीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली आणि १८१३ मध्ये विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल मुंबईला उतरला. मराठी मुलखातलं अमेरिकन मिशनचं काम असं एका कॉलेजातल्या बंद दाराच्या बंधुसभेच्या आसपास सुरू झालं, आणि शतकभराने त्याच मिशनच्या सर्वांत मोठ्या मराठी माणसाला ते दार उघडं करावंसं वाटलं. दोघांचीही कारणं मला समजतात. ज्यांना पाठवायचं आहे त्यांची निवड कडक असावी लागते. ज्यांना बोलवायचं आहे त्यांच्यासाठी नाही. अल्फा आयोटा ओमेगाचे तीन जण स्वतःला पाठवलेले समजत होते, म्हणून त्यांचा हट्ट मला निव्वळ हेकटपणा वाटत नाही.

बाकीच्या आवारांत

चॅपेल हिलचा तोडगा सगळीकडे लागू पडला नाही. फ्लोरिडा विद्यापीठात बीटा उप्सिलॉन कायची तर वेगळीच कुचंबणा झाली. साधी विद्यार्थी संघटना म्हणून मान्यता मागितली तर उत्तर: तुम्ही फक्त मुलगे घेता. फ्रॅटर्निटी म्हणून मागितली तर: तुम्ही फक्त ख्रिस्ती घेता. इकडे आड तिकडे विहीर. २००७ मध्ये खटला झाला, २००९ च्या जानेवारीत विद्यापीठाने नियम बदलला आणि तोही वाद न्यायनिवाड्याविना मिटला.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात मात्र उलटं घडलं. अल्फा डेल्टा काय आणि अल्फा गॅमा ओमेगा यांनी २००५ मध्ये दावा लावला. मधल्या काळात, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेस्टिंग्ज लॉ कॉलेजच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की 'सर्वांना आत घ्या' असा नियम खरोखर सर्वांना लावत असाल तर तो चालेल. २०११ मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील न्यायालयाने सॅन डिएगोचा नियम कागदावर घटनात्मक ठरवला. पण एक प्रश्न खालच्या कोर्टाकडे परत पाठवला: तो नियम सगळ्यांना सारखा लावला होता का? कारण कॅथलिक विद्यार्थ्यांच्या संघटनेला पदाधिकारी कॅथलिक असण्याची अट ठेवूनही मान्यता होती आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या नाट्यसंघाचे पदाधिकारी आफ्रिकेचेच असत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे जी सोरोरिटी नॉर्थ कॅरोलायनात विचारून सभासद घेऊ शकली असती, तिला कॅलिफोर्नियात मान्यतेशिवाय राहावं लागलं.

जिथे कलम दुखतं

चॅपेल हिलच्या कलमाची खरी कसोटी २०११ मध्ये लागली, आणि ती फ्रॅटर्निटीत नाही तर एका ख्रिस्ती गायनवृंदात. समलिंगी असलेल्या एका सभासदाला वृंदाने काढलं. विद्यापीठाने चौकशी केली आणि म्हटलं, नियमभंग नाही. त्याला त्याच्या लैंगिक कलावरून नव्हे, समलिंगी संबंधांबद्दलच्या त्याच्या मतावरून काढलं. कायद्याच्या काट्यावर हे उत्तर बसतं. पण ज्याला काढलं त्याच्या जागी उभं राहून ऐकलं तर फार बारीक सुताने कातलेलं वाटतं. श्रद्धा आणि दर्जा वेगळे करता येतात हे साताऱ्याच्या मुलाच्या उदाहरणात जितकं स्वच्छ दिसलं, तितकं इथे दिसत नाही. ज्या श्रद्धेत माणसाच्या जगण्याबद्दलच एक विधान आहे, ती मान्य आहे का असं त्या माणसाला विचारणं आणि तो कोण आहे हे विचारणं यांत अंतर किती राहतं? नवं कलम मला पसंत आहे, पण हा प्रश्न त्याने सोडवला असं मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने धार्मिक आणि राजकीय विद्यार्थी संघटनांना आपले पुढारी आणि सिद्धांत ठरवायचं स्वातंत्र्य कायद्यानेच दिलं, तेव्हा संघटनांची बाजू भक्कम झाली. हा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसरं दुखणं साधं आणि रोजचं. 'वैयक्तिकरीत्या विचारावं' असं कलम म्हणतं. विचारणार कोण? वीस वर्षांचा पोरगा एकोणीस वर्षांच्या पोराला. कुठे? बहुधा होस्टेलच्या खोलीत किंवा कॉफीच्या टेबलावर. नकार मिळालेल्याला दाद मागायला जागा नाही आणि विचारणाऱ्याला तशी सवय नाही. रशमध्ये माणसं जोखायची जी खोड ग्रीक दुनियेत आधीच मुरलेली आहे, तीच ख्रिस्ती शब्द पांघरून आत येण्याचा धोका इथे सर्वांत जास्त. आवडला म्हणून त्याची श्रद्धा पक्की वाटली, नाही आवडला म्हणून कच्ची.

अशा एखाद्या गटाने सल्ला विचारला तर मी तीन गोष्टी सांगेन. श्रद्धेचं निवेदन घटनेत लिहून ठेवा, थोडक्यात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच कागद द्या, चर्चच्या पाळकाच्या मुलालाही. विचारायला दोघे बसा, त्यातला एक मागच्या वर्षी ज्याने स्वतः 'अजून माहीत नाही' असं उत्तर दिलं होतं असा असला तर उत्तमच. आणि शास्त्रपाठाची खोली सभासदत्वाच्या यादीपासून पूर्ण वेगळी ठेवा: वेगळा दिवस, वेगळी जागा, शक्यतो ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांच्याच घराच्या दिवाणखान्यात. तिथे यायला कोणाच्या होकाराची गरज नसावी, आणि पिझ्झा पुरेसा असावा.